जहाजासाठी कापलेले पंख

दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावर अमेरिकेत बनलेली कॉर्सेअर लढाऊ विमानं ब्रिटिश नौदलाला मिळू लागली, तेव्हा एक साधीच पण अडवणारी गोष्ट समोर आली. विमान वेगवान होतं, दणकट होतं, पल्लाही मोठा होता. पण पंख दुमडून उभं केलं की त्यांची टोकं ब्रिटिश जहाजांच्या हँगरच्या, म्हणजे डेकखाली विमानं ठेवायच्या दालनाच्या, छताला लागत. हँगरची उंची १६ फूट. शेवटी दोन्ही पंखांची टोकं प्रत्येकी ८ इंच कापली आणि विमानं आत घेतली. ज्या जहाजांचे हँगर १४ फुटांचेच होते तिथे पंख कापूनही उपयोग नव्हता. ती जहाजं कॉर्सेअरविनाच लढली.

ब्रिटिश विमानवाहू जहाजांचा ऱ्हास सांगताना बहुतेक जण १९६६ पासून सुरुवात करतात. साम्राज्य गेलं, तिजोरीत खडखडाट झाला, संरक्षणमंत्री डेनिस हिली यांनी नवं जहाज रद्द केलं, आणि ज्या देशानं १९१८ मध्ये ‘आर्गस’च्या रूपानं सबंध सपाट डेकचं पहिलं जहाज समुद्रात उतरवलं, त्याच्याकडे पुढच्या तेरा वर्षांत एकही मोठं विमानवाहू जहाज उरलं नाही. ही हकीकत खरी आहे, पण ती शेवटाकडून सांगितलेली आहे. १९६६ मध्ये फक्त मृत्यूचा दाखला लिहिला गेला. आजार त्याआधी तीस वर्षं जडला होता, आणि पैशाची चणचण हे त्याचं एक लक्षण होतं. मूळ दुखणं जागेचं होतं. ब्रिटिशांनी जहाजं उद्याच्या विमानासाठी बांधली नाहीत, समोर दिसत होतं त्या विमानासाठी बांधली, आणि विमान मोठं झालं की प्रत्येक वेळी जहाजाऐवजी विमान कापलं.

मुंबईच्या माणसाला हा विषय परका नाही. ‘विक्रांत’ आणि ‘विराट’ या दोन्ही नौका याच इतिहासातून आपल्याकडे आल्या. विक्रांत संग्रहालय झाल्यावर मी तिच्या हँगरमध्ये पहिल्यांदा उभा राहिलो आणि वर बघत राहिलो. बाहेरून बेताची वाटणारी ती नौका आतून ऐसपैस होती. तिच्या हँगरची उंची साडेसतरा फूट होती, म्हणजे ज्या भारदस्त, चिलखती जहाजांवर ब्रिटिशांनी जिवापाड खर्च केला त्यांच्यापेक्षा दीड ते साडेतीन फूट जास्त, हे मला नंतर वाचनातून कळलं. तेव्हापासून हा फरक डोक्यातून गेलेला नाही. स्वस्तात बांधलेल्या जहाजाला जास्त जागा मिळाली आणि ते जास्त जगलं, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

आधी १९३६ कडे जायला हवं, कारण त्या वर्षी घेतलेला निर्णय मूर्खपणाचा नव्हता. जहाजबांधणीची जबाबदारी तेव्हा ॲडमिरल रेजिनाल्ड हेंडरसन यांच्याकडे होती. विमानवाहू जहाजांचा ताफा त्यांनी स्वतः सांभाळलेला होता, त्यामुळे ते या विषयात नवखे नव्हते. त्यांनी ठरवलं की नव्या जहाजांचा उड्डाण-डेक ३ इंच जाडीच्या पोलादी कवचाचा असेल, हँगरच्या भिंतींनाही साडेचार इंचांचं कवच असेल. संकट आलं की सगळी विमानं या तिजोरीत बंद करायची आणि तोफांनी शत्रूची विमानं पाडायची.

असं का ठरवलं? एक तर जहाजांवर तेव्हा रडार नव्हतं. शत्रूची विमानं डोळ्यांना दिसेपर्यंत ती डोक्यावर आलेली असत, आणि डेकवरून लढाऊ विमान उडून उंची गाठेपर्यंत बॉम्ब पडून गेलेले असत. त्यात ब्रिटिश नौदलाकडे धड लढाऊ विमानही नव्हतं. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स स्थापन झाली तेव्हा नौदलाची पन्नास हजारांहून जास्त वैमानिक-कारागीर मंडळी आणि सगळी विमानं तिच्या ताब्यात गेली. ती शाखा नौदलाकडे परत द्यायचा निर्णय १९३७ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष ताबा मिळाला मे १९३९ मध्ये. मधली वीस वर्षं जहाज एका खात्याचं आणि विमान दुसऱ्या खात्याचं असा संसार चालला. जपान आणि अमेरिकेत नौदलाचे अधिकारी स्वतः वैमानिक होऊन विमानांसाठी भांडत होते. ब्रिटनमध्ये नौदलाच्या विमानाला हवाई दलाच्या यादीत शेवटची जागा मिळत होती. १९४० मध्ये ब्रिटिश जहाजांवरून उडणारं मुख्य हल्लेखोर विमान ‘स्वोर्डफिश’ हे एकावर एक दोन पंखांचं, कापड ताणलेलं विमान होतं ते त्यामुळेच. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री ‘इलस्ट्रियस’वरून उडालेल्या अशाच २१ विमानांनी तारांतो बंदरात तीन इटालियन युद्धनौका निकामी केल्या, ही वैमानिकांची मर्दुमकी. तिच्यावरून विमान चांगलं होतं असं ठरत नाही.

तिसरं कारण करारांचं. १९३६ च्या लंडन करारानं एका विमानवाहू जहाजाला २३,००० टनांची मर्यादा घातली होती. पोलाद तेवढंच वापरायचं आणि त्यातच जाड कवच बसवायचं, तर कुठेतरी काटकसर करणं आलं. ती केली विमानांच्या जागेत. १९३८ च्या ‘आर्क रॉयल’मध्ये २२,००० टनांत दोन मजली हँगर आणि साठेक विमानं होती. दोनच वर्षांनी आलेल्या ‘इलस्ट्रियस’मध्ये २३,००० टनांत एकच हँगर आणि ३६ विमानं. अमेरिकेची ‘एसेक्स’ वर्गाची जहाजं साधारण २७,००० टनांची होती आणि ती नव्वदच्या आसपास विमानं नेत.

आता कवचाच्या बाजूनं जे बोलायला हवं ते हातचं न राखता बोलतो. १० जानेवारी १९४१ रोजी माल्टाजवळ जर्मन स्टुका विमानांनी ‘इलस्ट्रियस’ला गाठलं. अर्ध्या डझन बॉम्बचा मार बसला, एक तर कवच भेदून आत गेला, शंभराहून जास्त माणसं मेली. तरीही जहाज स्वतःच्या इंजिनांवर माल्टाच्या बंदरात पोचलं आणि पुढे अमेरिकेत दुरुस्त होऊन पुन्हा लढलं. लाकडी डेकचं दुसरं कुठलंही जहाज त्या दिवशी तळाशी गेलं असतं. मे १९४५ मध्ये ओकिनावाजवळ ‘फॉर्मिडेबल’वर आत्मघातकी विमान आदळलं, डेकला खळगा पडला, तो सिमेंट आणि पोलादी पत्र्यांनी बुजवून त्याच दिवशी विमानं पुन्हा उतरू लागली. त्याच महिन्यात तशाच हल्ल्यात ‘बंकर हिल’ या अमेरिकन जहाजावर साडेतीनशेंहून जास्त खलाशी जळून-होरपळून मेले. ज्यांचा मुलगा ‘फॉर्मिडेबल’वर होता त्या आईबापांना कोणी कवचाचे तोटे सांगायला जाऊ नये.

पण सरकारी खर्चातून बांधलेलं जहाज एका लढाईसाठी नसतं. कवच गरजेचं होतं हे मान्य करूनही प्रश्न उरतोच, की त्यासाठी मोजलेली किंमत कधी वसूल होणार होती आणि किती वर्षं. रडार आलं आणि शत्रू पन्नास-साठ मैलांवर असतानाच दिसू लागला. म्हणजे जहाजाचं खरं संरक्षण आता जास्त लढाऊ विमानं बाळगण्यात होतं, आणि तीच ठेवायला जागा नव्हती. नौदलानं डेकवर विमानं उभी करून आकडा पन्नासच्या पुढे नेला, अमेरिकनांची सवय उचलली; हँगर मात्र तेवढाच राहिला. पुढच्या ‘इम्प्लॅकेबल’ आणि ‘इंडिफॅटिगेबल’ या जहाजांत विमानं वाढवण्यासाठी एकावर एक दोन हँगर बसवले ते १४-१४ फुटांचे. मग त्यांच्यावर ‘सीफायर’ न्यावी लागली. जमिनीसाठी बनलेल्या ‘स्पिटफायर’चा तो समुद्री अवतार हवेत देखणा होता, पण पल्ला तोकडा आणि चाकांचे पाय नाजूक. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोला शत्रूनं पाडल्या त्यापेक्षा कितीतरी जास्त सीफायर स्वतःच्याच डेकवर उतरताना मोडल्या.

याहून खोल अडचण बांधणीत होती. अमेरिकन ‘एसेक्स’मध्ये जहाजाचा मुख्य ताण पेलणारा मजला हँगरच्या तळाशी होता. वरचा उड्डाण-डेक म्हणजे त्यावर चढवलेला मांडव. मांडव उतरवता येतो, उंच करता येतो, नवा घालता येतो. ब्रिटिश जहाजात उड्डाण-डेक, हँगरच्या भिंती आणि सांगाडा मिळून एकच पोलादी पेटी होती. ती पेटीच जहाजाला उभं धरत होती. हँगरची उंची दोन फूट वाढवायची तर आख्खं जहाज हँगरच्या तळापर्यंत कापून खाली आणावं लागे. खांब न हलवता घराचं छत उंच करण्यासारखंच ते काम.

हे काम एकदाच करून पाहिलं गेलं. ‘व्हिक्टोरियस’ हे जहाज ऑक्टोबर १९५० मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत गेलं आणि जानेवारी १९५८ मध्ये बाहेर आलं. सव्वासात वर्षं! आधी डेक कापला, रुंदी वाढवली, मग काम बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की जुन्या बॉयलरचं आयुष्य थोडंच उरलंय. तेव्हा बांधलेलं पुन्हा उघडून नवे बॉयलर बसवले. दरम्यान तिरका डेक, विमानाला डेकवरून झटक्यात भिरकावणारे वाफेचे कॅटापल्ट, नवं रडार असं एकेक येत गेलं आणि प्रत्येकासाठी आराखडा बदलत गेला. खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट होऊन सुमारे तीन कोटी पौंडांवर गेला. बाहेर आलं ते जहाज अप्रतिम होतं, पण त्यानं जेमतेम नऊ वर्षं सेवा दिली. नोव्हेंबर १९६७ मध्ये गोदीत एक छोटी आग लागली आणि तिचं निमित्त करून सरकारनं ते कायमचं बंद केलं. बाकीच्या पाच चिलखती भावंडांची अशी पुनर्बांधणी करण्याचा विचार ‘व्हिक्टोरियस’चा अनुभव बघूनच सोडून दिला गेला. १९५३ ते १९५६ या काळात ती पाचही जहाजं भंगारात गेली. ‘इलस्ट्रियस’ तेव्हा सोळा वर्षांचं होतं, ‘इंडिफॅटिगेबल’ बारा वर्षांचं. त्याच वर्षांत अमेरिकेनं आपल्या चोवीसपैकी पंधरा ‘एसेक्स’ जहाजांचे मांडव उतरवून नवे चढवले. त्यांपैकी ‘लेक्सिंग्टन’ १९९१ पर्यंत नौदलात होतं.

इथे कोणी म्हणेल, अमेरिका श्रीमंत होती, ब्रिटन कंगाल. खरं आहे. १९४५-४६ मध्ये ब्रिटननं अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं आणि त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फेडला. युद्धानंतर तिथे रेशन चालू होतं, घरं पडलेली होती. चार प्रचंड ‘माल्टा’ वर्गाची जहाजं १९४५ मध्ये रद्द झाली, आणि मतदारांनी त्याला विरोध केला नाही यात नवल नाही. पण गरिबीचा हा युक्तिवाद उलट्या बाजूनं लागू होतो. ज्याच्याकडे पैसा कमी त्यानं तर असंच जहाज बांधायला हवं की जे पुढे थोडक्यात बदलता येईल. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे घरखर्चाला ठीक आहे. जहाजाचं अंथरूण एकदाच शिवलं जातं, आणि पाय त्यानंतर तीस वर्षं वाढत राहतात. स्वोर्डफिशचं भरलेलं वजन साडेतीन टनांच्या आसपास होतं, पंचवीस वर्षांनी आलेल्या फँटम या जेट लढाऊ विमानाचं पंचवीस टनांच्या पुढे.

बुद्धीची तर मुळीच उणीव नव्हती. मला या इतिहासातलं सर्वांत चटका लावणारं पान वाटतं ते हेच. ३ डिसेंबर १९४५ रोजी एरिक ब्राऊन या ब्रिटिश वैमानिकानं ‘ओशन’ जहाजावर व्हँपायर उतरवलं. जेट विमान विमानवाहू जहाजावर उतरल्याची ती पहिली वेळ. जेट आलं आणि नवा प्रश्न उभा राहिला. तोवर डेक सरळ असायचा. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीचा आकडा डेकवर ताणलेल्या तारेत अडकला नाही तर समोर जाळं, जाळ्यापलीकडे उभी विमानं आणि माणसं. जेटच्या वेगाला ते जाळं म्हणजे मरणच. १९५१ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन डेनिस कँबेल यांनी सुचवलं की उतरण्याची पट्टी थोडी डावीकडे तिरकी करा. तार चुकली तर वैमानिकानं इंजिनाचा जोर वाढवावा आणि पुन्हा आकाशात जावं, समोर मोकळा समुद्र. ‘ट्रायम्फ’च्या डेकवर नुसते रंगाचे पट्टे ओढून याची चाचणी झाली. वाफेचा कॅटापल्ट कॉलिन मिचेल यांचा. ‘पर्सियस’ जहाजावर तो घडवला-तपासला गेला आणि १९५२ मध्ये ते जहाज अमेरिकेत नेऊन दाखवलाही. तिसरी युक्ती निकोलस गुडहार्ट यांची. टेबलावर आरसा ठेवून, त्यात लिपस्टिकची खूण धरून, सरळ चालत येणाऱ्या माणसाची हनुवटी बरोबर टेबलाला टेकते हे त्यांनी कचेरीत करून दाखवलं असं सांगतात. त्यातून उतरणाऱ्या वैमानिकाला योग्य उतार दाखवणारा आरसा तयार झाला. या तीन गोष्टींनी किती तरुण वैमानिकांचे जीव वाचले असतील! आजही जगातल्या मोठ्या विमानवाहू जहाजांवर त्यांचेच वंशज आहेत.

पण पिकतं तिथे विकत नाही. खराखुरा तिरका डेक आधी मिळाला तो ‘अँटिएटम’ या अमेरिकन जहाजाला, १९५२ च्या अखेरीस. १९५५ मध्ये सेवेत आलेल्या ब्रिटिश ‘आर्क रॉयल’ला तो मिळाला साडेपाच अंशांचा, कारण जास्त तिरका करायला रुंदीच नव्हती. आणि त्याच १९५५ मध्ये अमेरिकेचं ‘फॉरेस्टल’ आलं. तिन्ही ब्रिटिश शोध त्यावर होते, आणि गंमत नव्हे तर धडा असा, की त्याचा डेकही चिलखती होता आणि तोच डेक ताण पेलत होता. म्हणजे ब्रिटिशांची मूळ कल्पना अमेरिकेनं पुढे स्वीकारली. फक्त ६०,००० टनांत. कवच चूक नव्हतं. कवच आणि लहान आकार या दोघांचं लग्न लावणं चूक होतं.

दुसरीकडे, १९४२ मध्ये ब्रिटिशांनी घाईघाईत एक वेगळं जहाज आखलं होतं. हलकं, १३-१४ हजार टनांचं, कवच नाही, वेग जेमतेम २५ नॉट. व्यापारी जहाजांच्या पद्धतीनं बांधायचं, म्हणजे लहान गोद्यांनाही जमेल. अपेक्षा एवढीच की युद्ध संपेपर्यंत किंवा तीनेक वर्षं टिकलं तरी पुष्कळ. याच ‘कलॉसस’ आणि ‘मॅजेस्टिक’ वर्गांची सोळा जहाजं. आणि याच टाकाऊ ठरवलेल्या जहाजांनी पुढचं अर्धं शतक गाजवलं. कोरियाच्या युद्धात ब्रिटननं पाठवली ती हीच. फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, अर्जेंटिना, भारत, सगळ्यांनी हीच घेतली. ब्राझीलचं ‘मिनास झेराइस’ २००१ पर्यंत चाललं.

आपली विक्रांत मूळची ‘हर्क्युलिस’. १९४५ मध्ये पाण्यात उतरली आणि अर्धवट अवस्थेत पडून राहिली, ती १९५७ मध्ये भारतानं घेतली. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत ती पूर्ण होताना तिला तिरका डेक, वाफेचा कॅटापल्ट आणि उतरण्याचा आरसा मिळाला. ४ मार्च १९६१ रोजी ती सेवेत आली, डिसेंबरमध्ये गोवा मुक्तीच्या वेळी कोकण किनाऱ्यापुढे उभी होती. १९७१ मध्ये तिच्या चारपैकी एक बॉयलर तडकलेला असतानाही तिच्या सीहॉक विमानांनी ४ डिसेंबरला कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. शेवटी डेकच्या टोकाला स्की-जंप, म्हणजे वर वळलेला चढ, बसवून तिनं सी हॅरियरही उडवली. ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्ती. तीन वर्षांसाठी आखलेल्या वर्गातली नौका छत्तीस वर्षं नौदलात राहिली.

यावर रास्त आक्षेप आहे: ही जहाजं टिकली कारण गरीब नौदलांनी ती रेटली, आणि त्यांच्यावर हलकीच विमानं होती, रशियन ताफ्यापुढे ती उभी राहिली नसती. मान्य. लढण्याची ताकद आणि टिकण्याची ताकद वेगळी. पण ती रेटता तरी आली! चिलखती जहाजं रेटताही आली नाहीत. ‘हर्मीस’चं उदाहरण तर आणखी बोलकं. १९४४ मध्ये पाया घातला, १९५९ मध्ये सेवेत आलं, म्हणजे बांधणीलाच पंधरा वर्षं. फँटमसाठी लहान पडलं, म्हणून त्याला आधी कमांडो उतरवणारं, मग पाणबुडी शोधणारं, मग स्की-जंपवालं जहाज केलं गेलं. आणि १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात तेच म्हातारं जहाज ताफ्याचं प्रमुख होतं. पलीकडे अर्जेंटिनाचं ‘व्हेंतिसिंको दे मायो’ होतं, म्हणजे मूळचं ब्रिटिश ‘व्हेनरेबल’. २ मे रोजी त्यावरून बॉम्ब भरलेली स्कायहॉक विमानं उडणार होती. वारा पडला, २५ नॉटच्या जुन्या इंजिनांना डेकवर उड्डाणाला लागणारा पुरेसा वारा निर्माण करता येईना, हल्ला रद्द झाला. युद्धकाळात घाईनं आखलेल्या दोन ब्रिटिश सांगाड्यांनी एकमेकांविरुद्ध उभं राहावं, आणि मध्ये बांधलेलं एकही भक्कम जहाज त्या समुद्रावर नसावं! ब्रिटिश धोरणावर याहून कडक ताशेरा कुठल्या समितीनं ओढला नसेल.

आता १९६६. २२ फेब्रुवारीला हिली यांच्या श्वेतपत्रिकेनं सीव्हीए-०१ हे नवं जहाज रद्द केलं. नौदलमंत्री ख्रिस्तोफर मेह्यू आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डेव्हिड लूस यांनी राजीनामे दिले. माझी सहानुभूती राजीनामा देणाऱ्यांकडे आहे, तरी हिली यांना मी एकटा खलनायक मानत नाही. त्या जहाजावर आधीच ५३,००० टनांची मर्यादा बसली होती, आणि त्यात सगळं कोंबता कोंबता नौदलानं पुन्हा जुनाच खेळ मांडला होता. टनावरून जहाजाची किंमत ठरवण्याची ही खोड विनाशकारी आहे. महाग असतात ती इंजिनं, रडार, शस्त्रं, विमानं. रिकामी जागा त्या मानानं स्वस्त असते, पण तक्त्यावर टनांचा आकडा दिसतो आणि कात्री तिथेच चालते.

हिली यांचा दोष वेगळा आहे. हवाई दलाचं म्हणणं होतं की जहाजाची गरजच नाही. हिंदी महासागरातल्या बेटांवरून एफ-१११ विमानं तेच काम करतील. त्यासाठी दाखवलेल्या बेटांत महाकाय कासवांचं आल्डाब्रा होतं. नोव्हेंबर १९६७ मध्ये आल्डाब्रा सोडलं, जानेवारी १९६८ मध्ये एफ-१११ रद्द केली. दोन वर्षांत जहाजही गेलं, विमानही गेलं, बेटही गेलं. ज्या पर्यायाच्या नावानं एखादी गोष्ट नाकारली तो पर्याय मोडला, तर मूळ निर्णय पुन्हा टेबलावर यायला हवा. लोकशाहीत एवढी अपेक्षा करणं जास्त नाही. तो आला नाही.

मधल्या काळात फँटमच्या बाबतीतही पंख कापणं झालंच. ब्रिटनच्या आखूड डेकवरून उडावं म्हणून त्याला रोल्स-रॉईसची वेगळी इंजिनं बसवली, पुढचा पाय लांबवून विमानाचं नाक वर करण्याची सोय केली. विमान महाग झालं, आणि ते नियमित उडवू शकणारं जहाज उरलं एकटं ‘आर्क रॉयल’, तेही १९७९ मध्ये निवृत्त. त्याच्याबरोबर गॅनेट ही उडती रडारविमानं गेली. त्याची किंमत ४ मे १९८२ रोजी ‘शेफील्ड’ या युद्धनौकेवरच्या वीस माणसांनी मोजली, येणारं विमान दुरून दाखवणारा डोळाच ताफ्याकडे नव्हता. नौदलाकडे होतं ते ‘इन्व्हिन्सिबल’. विमानवाहू हा शब्द उच्चारायची सोय नसल्यानं त्याला कागदोपत्री क्रूझर म्हणत बांधून घेतलं होतं, ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं. तेही युद्धाच्या महिनाभर आधी ऑस्ट्रेलियाला विकायचं ठरलं होतं. सी हॅरियरच्या वैमानिकांनी हवाई झुंजीत एकही विमान न गमावता वीसेक शत्रूविमानं पाडली म्हणून ताफा वाचला.

आज ब्रिटनकडे ६५,००० टनांची दोन जहाजं आहेत, ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’. जागेचा धडा शेवटी शिकले म्हणायचं. पण अर्धाच. ज्या देशानं वाफेचा कॅटापल्ट शोधला त्याच्या या जहाजांवर कुठलाच कॅटापल्ट नाही. २०१० मध्ये सरकारनं तो बसवायचं ठरवलं, २०१२ मध्ये खर्चाचा अंदाज दुप्पट होऊन दोन अब्ज पौंडांवर गेल्यावर बेत सोडला. गरज पडल्यास बदलता येईल असं सांगून विकलेला आराखडा बदलायला गेल्यावर बदलेना. ‘व्हिक्टोरियस’च्या वेळचीच गोष्ट, साठ वर्षांनी. आता या डेकवरून लढणारं विमान एकच, एफ-३५ बी, आणि उडत्या रडारचं काम हेलिकॉप्टरवर.

हे सगळं मी ब्रिटनला नावं ठेवायला लिहीत नाही. विराट म्हणजे तीच ‘हर्मीस’. १९८७ पासून तीस वर्षं तिनं आपलं काम केलं. मालवणजवळ निवतीला तिचं संग्रहालय करायची घोषणा राज्य मंत्रिमंडळानं २०१८ मध्ये केली होती, तरी २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. विक्रांत त्याआधीच मुंबईत, दारुखान्याला, तुटली होती. नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत सेवेत आली, ४५,००० टनांच्या आसपास, आपणच आखलेली, आणि तिचा मला मनापासून अभिमान आहे. पण हँगरमधून डेकवर विमानं नेणाऱ्या तिच्या लिफ्ट मिग-२९ के हे विमान डोळ्यापुढे ठेवून मापल्या गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये २६ रफाल एम घेण्याचा करार झाला. रफाल एमचे पंख दुमडत नाहीत. ते विमान त्या लिफ्टवर कसं बसवायचं, पंखांची टोकं काढायची का, ही चर्चा आपल्याकडे खरेदीआधीच झालेली आहे.

पुढच्या विमानवाहू नौकेचा प्रस्ताव कधीतरी संसदेच्या स्थायी समितीपुढे येईल. तेव्हा किती टन आणि किती कोटी हे सगळेच विचारतील. एखाद्या सदस्यानं हँगरची उंची विचारावी, लिफ्टची रुंदी विचारावी, आणि आज कागदावरही नसलेल्या विमानासाठी किती फूट मोकळे सोडलेत तेही विचारावं.